अंग गोठतं, डोकं ब्लँक होतं: फ्रीज रिस्पॉन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळींत संपलीत, कारण काही प्रश्नांत दोन ओळींच्या वर दमच नाही. वाचून स्वतःचं निदान करत बसू नका, पण स्वतःला भित्रं म्हणणं थांबवलंत तरी पुष्कळ झालं.

फ्रीज होणं म्हणजे नक्की काय होतं?

धोका जाणवला की शरीर हालचाल थांबवतं. पाय जागेवर खिळतात, आवाज बसतो, श्वास उथळ होतो किंवा चक्क धरून ठेवला जातो, नजर एकाच ठिकाणी अडकते. आत मात्र शांतता नसते हं. बाहेरून माणूस दगडासारखा दिसतो पण आत छाती धडधडत असते किंवा उलट एकदम मंदावलेली असते, हातपाय गार पडतात आणि "काहीतरी कर ना" असं स्वतःलाच ओरडून सांगणं चालू असतं, फक्त शरीर ऐकत नाही. हे दोनचार सेकंदांचंही असू शकतं आणि जास्त वेळही चालू शकतं.

आम्ही तर फाइट ऑर फ्लाइट ऐकलं होतं. हे फ्रीज मधेच कुठून आलं?

मधेच नाही आलं, उलट बहुतेक वेळा तेच आधी येतं. लढा किंवा पळा ही कल्पना हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास मांडली, ती इतकी सोपी आणि आकर्षक होती की शंभर वर्षं तीच सगळ्यांच्या तोंडी राहिली. प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र थिजणं कधीपासून माहीत होतं. २००४ मध्ये स्टीफन ब्राखा या मानसोपचारतज्ज्ञाने क्रम असा सुचवला की आधी थिजणं, मग पळणं, मग लढणं, आणि काहीच जमलं नाही तर शरीर पूर्ण लुळं पडणं किंवा चक्कर येणं. प्रत्येकाचं याच क्रमाने होतं असं नाही, पण "सगळे लढतात नाहीतर पळतात, मीच एकटी बावळट उभी राहिले" हा समज तरी यातून निघून जावा.

म्हणजे मी घाबरट नाही?

नाही. घाबरटपणा ठरवायला आधी निवड करता यायला हवी, आणि इथे निवड करायला मेंदूने वेळच दिलेला नसतो.

आत काय चाललेलं असतं, जरा नीट सांगा ना

मेंदूत अमिग्डाला नावाचा छोटासा भाग आहे, धोक्याची खूण पकडणं हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक. तिथून सिग्नल मेंदूच्या देठाकडे जातो, तिथे पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे नावाचा पट्टा आहे आणि थिजायचं की पळायचं याची बटणं बऱ्याच अंशी तिथे आहेत. विचार करणारा कपाळामागचा भाग या सगळ्यात नंतर पोचतो. तुम्हाला "अरे मी थांबलोय" हे कळतं तेव्हा तुम्ही आधीच थांबलेले असता.

आता गंमत अशी की थिजलेल्या अवस्थेत दोन्ही यंत्रणा एकदम चालू असतात. उत्तेजित करणारी सिम्पथेटिक यंत्रणा अ‍ॅड्रेनालिन सोडत असते, आणि त्याच वेळी पॅरासिम्पथेटिक यंत्रणा हृदयाचा वेग खाली खेचत असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला आणि ब्रेकही दाबलेला, तशी गाडी. म्हणून तर उभं राहून काहीही न करता माणूस इतका दमतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० मध्ये एक साधा प्रयोग छापला, लोकांना एका संवेदनशील पाटावर उभं केलं आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवले. रागीट चेहरा दिसला की शरीराचं नकळत होणारं डोलणं कमी व्हायचं आणि हार्ट रेट खाली यायचा. नुसता फोटो होता हो, माणूसही नाही. तर मग खराखुरा चिडलेला बॉस किंवा बाप समोर उभा असेल तर काय होत असेल बघा.

आणि हे बिनकामाचं नाही. हालचाल थांबली की शिकाऱ्याला दिसायची शक्यता कमी होते, आणि हृदय मंदावलेलं असताना डोळे-कान बाहेरची माहिती जास्त टिपतात. शरीर पुढच्या उडीची तयारी करत असतं. घोळ एवढाच की आजचे धोके बहुतेक करून बोलणारे असतात आणि समोरचा उत्तराची वाट बघत असतो.

सगळं फ्रीज एकाच प्रकारचं असतं का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. वर सांगितलं ते सावध थिजणं, त्यात स्नायू ताठ असतात, लक्ष टोकदार असतं, आणि धोका गेला की माणूस लगेच हलतो.

दुसरा प्रकार टॉनिक इमोबिलिटी. सुटका नाही, पकडले गेलोय असं शरीराला वाटलं की तो येतो. हलता येत नाही, ओरडता येत नाही, कधी दुखणंही कमी जाणवतं, थरथर असू शकते, डोळे मिटतात किंवा शून्यात लागतात. आथानासिउस किर्शर या विद्वान पाद्र्याने १६४६ मध्येच कोंबडीचा प्रयोग लिहून ठेवलाय, पाय बांधून तिला जमिनीवर आडवं केलं, समोर खडूने रेघ ओढली, आणि नंतर दोरी सोडली तरी कोंबडी तशीच पडून. त्याला वाटलं हा कोंबडीच्या कल्पनाशक्तीचा खेळ आहे. तसं काही नव्हतं, दाबून धरल्यामुळे शरीराने घेतलेली ती अवस्था होती.

तिसरं म्हणजे चक्कर येऊन पडणं, रक्त किंवा सुई बघून होतं तसं, त्यात हृदयाचा वेग आणि रक्तदाब दोन्ही कोसळतात. आणि चौथं, ज्याला डिसोसिएशन म्हणतात, आपण आपल्यालाच लांबून बघतोय, आवाज दुरून येतायत, हे खरं घडतच नाहीये असं वाटणं. हे चारही एकमेकांत मिसळू शकतात पण उपाय सरसकट एक नाही, ते पुढे येईलच.

माझ्यावर अत्याचार झाला तेव्हा मी ओरडले नाही, ढकललं पण नाही. मग ती माझी संमती होती का?

नाही. आणि हे उत्तर मी हातचं राखून देत नाहीये.

२०१७ मध्ये स्टॉकहोममधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लैंगिक अत्याचारानंतर महिन्याभरात तातडीच्या क्लिनिकमध्ये आलेल्या २९८ स्त्रियांना त्या वेळी शरीराचं काय झालं होतं ते विचारलं. ७० टक्के स्त्रियांनी लक्षणीय टॉनिक इमोबिलिटी सांगितली आणि ४८ टक्क्यांची तर अतितीव्र होती. म्हणजे न हलणं हा अपवाद नव्हता, तेच जास्त जणींचं झालं होतं. ज्यांच्या वाट्याला आधी कधी ट्रॉमा, म्हणजे मनावर खोल आघात करणारा प्रसंग, आला होता त्यांच्यात हे जास्त दिसलं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा भेटल्यावर ज्या थिजल्या होत्या त्यांच्यात पीटीएसडी (आघातानंतर तो प्रसंग परत परत छळत राहण्याचा मानसिक आजार) आणि तीव्र डिप्रेशनचं प्रमाणही जास्त होतं. याचं एक कारण मला अगदी उघड दिसतं, बाहेरचे विचारतात "तू काहीच का नाही केलंस" आणि मग ती बाई स्वतःलाच वर्षानुवर्षं तेच विचारत राहते. पुरुषांच्या आणि लहान मुलांच्या बाबतीतही शरीर असंच वागतं, त्यांना बोलायला जागा अजूनच कमी मिळते एवढंच.

आठवणी तुटक असतील, क्रम लागत नसेल, तर तेही अशा प्रसंगांनंतर नेहमीचं आहे. शक्य असेल तर ट्रॉमावर काम करणाऱ्या थेरपिस्टकडे जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की "मी हलू शकले नाही." चांगला थेरपिस्ट त्यावर भुवई उंचावणार नाही. उंचावली तर माणूस बदला.

परीक्षेत किंवा मीटिंगमध्ये ब्लँक होतं, ते पण हेच का?

चुलत भाऊ म्हणा. जिवाचा धोका नसतो, पण चारचौघांत हसं होण्याची भीतीही शरीराला पुरते. ताणात नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामिन ही मेंदूतली रसायनं एका मर्यादेबाहेर गेली की कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाचं काम ढेपाळतं, आणि त्या क्षणी लागणारी माहिती डोक्यात धरून ठेवणं हे त्याचंच काम. उत्तर पुसलं गेलेलं नसतं, तिथवर पोचता येत नाही. म्हणून तर हॉलबाहेर आल्यावर सगळं धडाधड आठवतं.

यावर एक स्वस्त उपाय आहे, परीक्षेच्या आधी दहा मिनिटं आपल्याला नक्की कसली भीती वाटतेय ते कागदावर लिहून काढायचं. २०११ मध्ये याचे प्रयोग सायन्स या नियतकालिकात आले होते, ज्यांना परीक्षेची जास्त धास्ती होती त्यांना त्याचा जास्त फायदा झाला. ऐकायला उलटं वाटतं की भीती उगाळायची कशाला, पण ती कागदावर उतरली की डोक्यात तेवढी जागा मोकळी होते असं संशोधकांचं म्हणणं.

मी दिवसभर काहीच करत नाही, मेल उघडवत नाही, फोन स्क्रोल करत पडून राहते. हे फंक्शनल फ्रीज आहे ना?

हा शब्द सोशल मीडियावर फार चालतो, पण ते वैद्यकीय निदान नाही. तुमचा त्रास खोटा आहे असं अजिबात म्हणत नाहीये, तो खराच आहे. पण आठवडेच्या आठवडे चालणारी अशी अवस्था आणि काही सेकंदांचं थिजणं यांच्यामागे एकच यंत्रणा आहे असं धरून चालणं घाईचं होईल. डिप्रेशन, बर्नआउट, एडीएचडी (लक्ष टिकवायला अवघड जाणारी अवस्था), थायरॉइडचा त्रास, रक्त कमी असणं, झोपेचं खोबरं, यातलं काहीही असू शकतं आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. दोन आठवडे रोज असंच चाललं असेल तर रील बघून स्वतःच त्याला नाव देण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा.

मेल उघडवत नसेल तर तेवढ्यापुरतं एक सांगते, उत्तर द्यायचं काम डोक्यातून काढा आणि फक्त उघडायचं काम ठेवा. उघडून वाचून बंद केलं तरी आजचं झालं.

त्या क्षणी बाहेर कसं पडायचं?

सगळ्यात आधी, "हल, हल" असा स्वतःवर दट्ट्या लावू नका, त्याने धोक्याचा सिग्नल अजून चढतो. मोठी हालचाल जमणार नाही हे गृहीत धरा आणि अशी हालचाल शोधा जी इतकी बारीक आहे की समोरच्याला दिसणारही नाही. बुटातल्या बुटात पायाची बोटं दाबा. जीभ टाळूवरून खाली सोडा. अंगठ्याने तर्जनी चोळा. आणि नजर सोडवा, हे माझ्या मते सगळ्यात कामाचं, कारण थिजल्यावर नजर एका बिंदूवर अडकते, तर मान हळूच वळवून दार कुठे आहे, खिडकी कुठे आहे, उजवीकडे कोण बसलंय एवढं बघायचं. मेंदूला आजूबाजूची ताजी खबर मिळते की इथे वाघ नाहीये.

मग श्वास बाहेर सोडा. घ्यायचा नाही, आधी सोडायचा, कारण तो बहुतेक धरलेलाच असतो. मग मनातल्या मनात नाव द्या, "मी थिजलोय, ही भीती आहे." भावनेला शब्द दिल्यावर अमिग्डालाची हालचाल कमी होते असं २००७ च्या ब्रेन स्कॅनच्या एका अभ्यासात दिसलं होतं. आणि मग आवाज. पूर्ण वाक्य नको, नुसतं "हं" किंवा खाकरणं चालेल, बसलेला आवाज एकदा सुटला की पुढचे शब्द सोपे जातात.

बोलायचंच असेल तर एक वाक्य आधीच पाठ करून ठेवा, "मला एक मिनिट द्या" किंवा "यावर मी उद्या बोलतो." त्या क्षणी नवीन वाक्य बनवायची ताकद नसते, पाठ असलेलं मात्र निघतं.

"दीर्घ श्वास घ्या" म्हणतात, मला तर उलट घुसमटतं

बऱ्याच जणांना होतं. जोरजोरात मोठे श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि चक्कर, मुंग्या सुरू होतात, मग माणूस अजून घाबरतो. म्हणून घेण्यापेक्षा सोडण्यावर भर. नाकाने एक श्वास, त्यावर अजून एक छोटासा, आणि मग तोंडाने लांब हळू सोडायचा, या प्रकारावर स्टॅनफर्डमध्ये प्रयोग झाला, २०२३ मध्ये छापून आला, रोज पाच मिनिटं महिनाभर करणाऱ्यांचा मूड सुधारला. पण तो रोजच्या सरावाचा परिणाम आहे, ऐन वेळच्या जादूचा नाही.

आणि तुमचा प्रकार चक्कर येऊन पडण्याचा असेल तर शांत होणं, सैल सोडणं हे चुकीचंच औषध आहे. तिथे रक्तदाब खाली चाललेला असतो, तो वर आणायला हवा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी यासाठी पद्धत बसवली, हात, पाय आणि पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटेपर्यंत, मग २०-३० सेकंद सोडायचं, असं पाचेक वेळा. इंजेक्शनच्या आधी करून बघा. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आधीपासून तयारी करून काही उपयोग होतो का?

होतो, आणि ऐन वेळच्या ट्रिकांपेक्षा जास्त होतो. २७ मार्च १९७७ ला तेनेरिफेच्या विमानतळावर दोन जम्बो विमानांची धडक झाली, ५८३ माणसं गेली. पॅन अ‍ॅम कंपनीच्या विमानातून ६१ जण वाचले, आणि त्यातल्या काहींनी नंतर सांगितलं की आजूबाजूचे लोक सीटवर नुसते बसून होते. जॉन लीच या मानसशास्त्रज्ञाने अशा दुर्घटनांतल्या गोठण्यावर बरंच लिहिलंय, त्याचं म्हणणं थोडक्यात असं की नवा प्लॅन बनवायला मेंदूला काही सेकंद लागतात आणि आपत्तीत ते नसतात, पण आधी सराव केलेली कृती असेल तर ती लगेच हाताशी येते. विमानात दारापर्यंतच्या सीटच्या रांगा मोजून ठेवा म्हणतात, त्यातही हाच फायदा आहे. (कोणी मोजत नाही. मोजा.)

रोजच्या आयुष्यात याचं रूप म्हणजे "जर-तर" वाक्य. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांचं यावर बरंच काम आहे. "मी शांत राहीन" हा नुसता संकल्प झाला, "जर तो आवाज चढवायला लागला तर मी दोन्ही पाय जमिनीवर टेकवीन आणि म्हणेन, आपण नंतर बोलू" हा प्लॅन झाला. तो मोठ्याने म्हणा, उभं राहून म्हणा, मित्राला समोर बसवून खोटं खोटं ओरडायला लावा. हसू येईल, येऊ दे.

प्राणी धोका टळल्यावर अंग झटकतात, आपणही मुद्दाम थरथरायचं का?

ही कल्पना बॉडी थेरपीवाल्यांत फार प्रिय आहे, की थरथरून "अडकलेला" ट्रॉमा बाहेर पडतो. थरथर आपोआप आली तर अडवू नका, अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम आहे, ओसरतो. चालणं, हात झटकणं, नाचणं यांनी बरं वाटत असेल तर खुशाल करा. पण ट्रॉमा स्नायूंत साठून राहतो आणि थरथरलं की निघून जातो याला पक्का आधार नाही, आणि गंभीर ट्रॉमा असलेल्याने एकट्याने यूट्यूब लावून असले प्रयोग करू नयेत, कधी कधी भलतंच काही वर येतं.

आणि व्हेगस नर्व्ह रीसेट?

व्हेगस ही मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणारी नस. सुरक्षित वाटणं, लढणं-पळणं आणि थिजणं या अवस्था तिच्याशी जोडणारी मानसशास्त्रज्ञ स्टीफन पोर्जेस यांची पॉलीव्हेगल थिअरी १९९० च्या दशकातली, थेरपिस्ट लोकांची लाडकी, पण तिच्या शरीरशास्त्राच्या बाजूवर शास्त्रज्ञांनी चांगलेच आक्षेप घेतलेत. स्वतःच्या अवस्था ओळखायला तिची भाषा कामी येत असेल तर वापरा. रीसेटचं बटण मात्र कुठेच नाही, त्यासाठी पैसे देऊ नका.

नंतर दिवसभर गळून गेल्यासारखं का होतं?

कॉर्टिसोल हा ताणाचा हार्मोन ताण सुरू झाल्यावर साधारण २०-३० मिनिटांनी शिखरावर असतो, म्हणजे प्रसंग संपला तरी शरीराचा हिशोब संपलेला नसतो. स्नायू ताठ राहून दुखतात, डोकं जड होतं. पाणी, खाणं, थोडं चालणं, झोप. आणि त्या दिवशी "मी काय बोलायला हवं होतं" ही कोर्टकेस चालवू नका, उद्या चालवा, उद्या ती निम्मी होते.

माझा नवरा भांडणात एकदम गप्प होतो, मला वाटतं मुद्दाम करतो

मुद्दाम करणारेही असतात, नाही असं नाही. पण चेहरा पांढरा पडलाय, नजर खाली लागलीये, "बोल ना, बोल ना" म्हटल्यावर अजूनच बंद होतोय, तर बहुतेक तो थिजलाय. आवाज खाली आणा, समोर उभं राहण्याऐवजी बाजूला बसा, आणि "का" ने सुरू होणारा प्रश्न विचारू नका. हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असं विचारा, "पाणी हवंय?", "अर्ध्या तासाने बोलू?" आणि अर्ध्या तासाने खरंच बोला, नाहीतर गप्प बसलं की विषय टळतो हे पक्कं होतं. त्याने स्वतः परत येऊन विषय काढणं ही त्याची जबाबदारी, थिजण्याची सबब त्यापुढे चालत नाही.

लहान मूल असेल तर खाली बसून त्याच्या उंचीवर या. पकडून हलवू नका, दाबून धरल्याने हे वाढतं हे त्या कोंबडीवरून आठवत असेलच.

डॉक्टरकडे कधी जायचं?

थिजणं वारंवार होतंय, भीतीने जागा टाळायला लागलाय, जुना प्रसंग स्वप्नात किंवा जागेपणी परत परत येतोय, महिना उलटून गेलाय, तर जा. पीटीएसडीसाठी ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्यावर काम करणारी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आठवणींवर काम करणारी) या दोन थेरपींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच केलीये. स्वतःला इजा करावीशी वाटत असेल तर महिन्याची वाट बघू नका, आजच कोणालातरी सांगा आणि मदत घ्या.

आणि काही गोष्टी फ्रीज वाटतात पण नसतात. काही सेकंद शून्यात बघून मधलं काहीच न आठवणं हा फिट्सचा प्रकार असू शकतो. झोपेतून उठताना अंग न हलणं म्हणजे स्लीप पॅरालिसिस. तासन् तास एकाच स्थितीत, बोलणं बंद, खाणंपिणं बंद, असं कोणाचं झालं तर ते कॅटाटोनिया असू शकतं, त्याला थेट हॉस्पिटलमध्ये न्या, त्यावर चांगले इलाज आहेत. आणि अचानक एका बाजूचा हात-पाय हलेना, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर हे पान बंद करा आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.

हे कायमचं जाईल का?

रिफ्लेक्स जाणार नाही, आणि जाऊही नये. कमी होतं ते अडकून पडणं. मायर आणि सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून मांडलं होतं की सुटका नसलेल्या त्रासातून प्राणी हतबल व्हायला "शिकतो". जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूचा नवा पुरावा बघून आपलंच म्हणणं उलटं केलं. लांबलेल्या त्रासात गप्प पडणं हा मेंदूचा मूळ स्वभाव आहे, ते शिकावं लागत नाही, शिकावं लागतं ते "माझ्या हातात काहीतरी आहे" हे, आणि ते कपाळामागचा भाग अनुभवातून शिकतो. म्हणून पायाची बोटं दाबणं हा फालतू उपाय नाही. सुरुवातीला फरक दिसेल तो असा की थिजाल तेवढंच, पण बाहेर लवकर याल, आणि कदाचित "मला एक मिनिट द्या" एवढं तरी तोंडातून निघेल, थोडं तोतरं का होईना.